तापमानाच्या श्रेणी आणि त्यांचं रूपांतर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सेल्सिअस, फॅरनहाइट आणि केल्विन यांच्या रूपांतरात जे घोळ होतात, ते बहुतेक एकाच जागी होतात. हातातला आकडा म्हणजे एखाद्या वस्तूचं तापमान आहे की दोन तापमानांमधला फरक, हे न ठरवताच सूत्र लावलं जातं. हा भेद एकदा नीट समजला की सूत्रं पाठ करायचा त्रास बराच कमी होतो. म्हणून खालच्या उत्तरांमध्ये तो पुन्हा पुन्हा येईल.

एकाच तापमानाला तीन वेगवेगळे आकडे कसे काय?

कुठलीही श्रेणी आखताना दोनच गोष्टी ठरवायच्या असतात. शून्य कुठे मांडायचं आणि एक अंश केवढा धरायचा. एकाच इमारतीची उंची एकाने जमिनीपासून सेंटिमीटरमध्ये मोजली आणि दुसऱ्याने तळघरापासून इंचांमध्ये मोजली, तर आकडे जुळणार नाहीत, पण इमारत तीच असेल. तापमानाचंही असंच आहे.

सेल्सिअसचं शून्य पाणी गोठतं तिथे आहे. फॅरनहाइटमध्ये त्याच जागी ३२ आहे, म्हणजे त्याचं शून्य आणखी खाली आहे. केल्विनचं शून्य तर सगळ्यात तळाशी, ज्याच्या खाली तापमान जाऊच शकत नाही अशा ठिकाणी. अंशाच्या आकाराचं म्हणाल तर सेल्सिअस आणि केल्विन यांची पायरी एकसारखी आहे आणि फॅरनहाइटची लहान. पाणी गोठण्यापासून उकळण्यापर्यंतच्या अंतराचे सेल्सिअसमध्ये १०० भाग होतात, फॅरनहाइटमध्ये १८०. १८० भागिले १०० म्हणजे १.८, किंवा अपूर्णांकात ९/५. सूत्रातला तो ९/५ इथून येतो आणि ३२ येतो शून्याच्या जागेतल्या फरकातून. ९/५ चा संबंध पायरीशी, ३२ चा संबंध शून्याशी, एवढं डोक्यात असू द्या.

सेल्सिअसचं फॅरनहाइट कसं करायचं?

फॅरनहाइट = सेल्सिअस × ९/५ + ३२

आधी गुणाकार, मग बेरीज. ३७ अंश सेल्सिअस घ्या. ३७ × १.८ = ६६.६, त्यात ३२ मिळवले की ९८.६ अंश फॅरनहाइट.

आणि फॅरनहाइटचं सेल्सिअस?

सेल्सिअस = (फॅरनहाइट − ३२) × ५/९

इथे क्रम उलटा आहे. आधी ३२ वजा, मग ५/९ ने गुणाकार. सगळ्यात जास्त चुका कंसाकडे दुर्लक्ष झाल्यामुळे होतात. १०१ अंश फॅरनहाइट असेल तर १०१ − ३२ = ६९, आणि ६९ × ५ ÷ ९ = ३८.३ अंश सेल्सिअस. आधी गुणाकार करून मग ३२ वजा केले तर २४.१ येतं. तापाने फणफणलेल्या माणसाच्या अंगाचं तापमान २४ असूच शकत नाही, त्यामुळे ही चूक लगेच पकडता येते. उत्तर आलं की ते शक्य कोटीतलं आहे का, हे बघायची सवय लावून घ्यावी. सूत्र पाठ असण्यापेक्षा ती जास्त उपयोगी पडते.

कागद-पेन नसेल तर तोंडी हिशोब कसा करायचा?

दुप्पट करा, त्यातून दहावा भाग काढून टाका, मग ३२ मिळवा. २३ अंश सेल्सिअसची दुप्पट ४६, त्याचा दहावा भाग ४.६, उरले ४१.४, अधिक ३२ म्हणजे ७३.४ अंश फॅरनहाइट. हे उत्तर अंदाजे नाही, अगदी बरोबर आहे, कारण दुप्पट वजा दहावा भाग म्हणजे १.८ पटच.

उलट दिशेने जाताना ३२ वजा करा, निम्मं करा, त्यात दहावा भाग मिळवा आणि त्या मिळवलेल्या भागाचाही दहावा भाग मिळवा. १०४ अंश फॅरनहाइटचे ७२, निम्मे ३६, अधिक ३.६, अधिक ०.३६, म्हणजे ३९.९६. खरं उत्तर ४० आहे. एवढी जवळीक कुठल्याही रोजच्या कामाला पुरते.

काही जण 'दुप्पट करा आणि ३० मिळवा' असं शिकवतात. ही युक्ती १० अंश सेल्सिअसला तंतोतंत लागू पडते आणि तिथून जसजसं दूर जावं तसतशी चुकत जाते. बाहेर गारवा आहे की उकाडा, एवढं कळायला ती चालेल. ताप मोजताना मात्र ती चुकूनही वापरू नका. ३७ ची दुप्पट ७४, अधिक ३० म्हणजे १०४! ठणठणीत माणसाला एका फटक्यात जोराचा ताप चढवणारा हा हिशोब आहे.

चाळीस मिळवायची पद्धत काय आहे?

ही माझी सगळ्यात आवडती पद्धत, कारण तिच्यात कुठला क्रम आधी आणि कुठला नंतर हे लक्षात ठेवावं लागत नाही. दोन्ही दिशांना पहिली आणि शेवटची पायरी सारखीच असते. ४० मिळवा, गुणाकार करा, ४० वजा करा. फॅरनहाइटकडे जायचं असेल तर ९/५ ने गुणायचं, सेल्सिअसकडे यायचं असेल तर ५/९ ने.

३५ अंश सेल्सिअस : ३५ + ४० = ७५, ७५ × ९/५ = १३५, १३५ − ४० = ९५ अंश फॅरनहाइट. उलट बघू. ५० अंश फॅरनहाइट : ५० + ४० = ९०, ९० × ५/९ = ५०, ५० − ४० = १० अंश सेल्सिअस.

हे जमतं कारण उणे ४० या एकाच ठिकाणी दोन्ही श्रेणींचा आकडा सारखा येतो. उणे ४० अंश सेल्सिअस म्हणजेच उणे ४० अंश फॅरनहाइट. ४० मिळवून आपण दोन्ही मोजण्या त्या सामाईक बिंदूपासून सुरू करतो. तिथून मोजल्यावर शून्याचा फरक संपतो आणि उरतो तो फक्त पायरीचा फरक, म्हणजे नुसता गुणाकार. शेवटी ४० वजा करून आपण नेहमीच्या शून्यावर परत येतो.

पाठ करायचेच झाले तर कोणते आकडे करावेत?

दर ५ अंश सेल्सिअसला ९ अंश फॅरनहाइट वाढतात. त्यामुळे ही जिना चढत जाणारी यादी कधीही नव्याने तयार करता येते :

० — ३२
५ — ४१
१० — ५०
१५ — ५९
२० — ६८
२५ — ७७
३० — ८६
३५ — ९५
४० — १०४

डावीकडे सेल्सिअस, उजवीकडे फॅरनहाइट, आणि सगळे आकडे तंतोतंत. आणखी दोन जोड्या सहज लक्षात राहतात, कारण त्यांचे अंक नुसते उलटे केलेले आहेत : १६ सेल्सिअस म्हणजे जवळपास ६१ फॅरनहाइट आणि २८ म्हणजे जवळपास ८२.

उणे तापमानाचं रूपांतर करताना माझं उत्तर नेहमी चुकतं. का?

बहुधा चिन्हामुळे. सूत्र तेच राहतं, वेगळं काही करायचं नसतं. उणे १० अंश सेल्सिअस × १.८ = उणे १८, त्यात ३२ मिळवले की अधिक १४. म्हणजे सेल्सिअसमध्ये उणे असलेलं तापमान फॅरनहाइटमध्ये अधिक असू शकतं. ० आणि उणे १७.८ अंश सेल्सिअस यांच्यामधली सगळी तापमानं अशीच आहेत. उलट दिशेला, उणे ४ अंश फॅरनहाइटमधून ३२ वजा केले तर उणे ३६ होतात (२८ नाही), आणि उणे ३६ × ५/९ = उणे २०.

थर्मामीटर 'उणे' दाखवतो याचा अर्थ तापमान नाहीसं झालं असा नाही, आपल्या सोयीने मांडलेल्या शून्याच्या ते खाली आहे एवढाच. पृथ्वीच्या पृष्ठभागावर नोंदलेलं सगळ्यात कमी हवेचं तापमान अंटार्क्टिकातल्या व्होस्टोक केंद्रावरचं आहे : २१ जुलै १९८३ रोजी उणे ८९.२ अंश सेल्सिअस, म्हणजे उणे १२८.६ अंश फॅरनहाइट. केल्विनमध्ये तेच तापमान १८३.९५ आहे, चांगलं अधिक.

'तापमान २ अंशांनी वाढलं' याचं रूपांतर कसं करायचं?

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. एखादं तापमान २ अंश सेल्सिअस असेल तर ते ३५.६ अंश फॅरनहाइट होतं. पण तापमान २ अंश सेल्सिअसने *वाढलं* असेल तर ती वाढ ३.६ अंश फॅरनहाइटची असते, ३५.६ ची नव्हे. वाढ म्हणजे दोन तापमानांमधला फरक. दोन्ही तापमानांत ३२ मिळवून वजाबाकी केली की ते ३२ कटतात. उरतो फक्त १.८ चा गुणाकार.

२०१५ च्या पॅरिस करारात जागतिक सरासरी तापमानवाढ औद्योगिकीकरणापूर्वीच्या पातळीपेक्षा २ अंश सेल्सिअसपेक्षा बरीच कमी ठेवण्याचं आणि ती १.५ अंशांपर्यंत रोखण्याचा प्रयत्न करण्याचं उद्दिष्ट आहे. फॅरनहाइटमध्ये हे आकडे ३.६ आणि २.७ होतात. १.५ ला सरळ सूत्र लावलं तर ३४.७ मिळतं, आणि जग ३४.७ अंश फॅरनहाइटने तापणार असं वाचून कुणाचाही थरकाप उडेल. घाईगडबडीत केलेल्या भाषांतरांमध्ये ही चूक खरोखर होते. यंत्र किंवा संकेतस्थळ यातून वाचवत नाही, कारण तुम्ही दिलेला आकडा फरकाचा आहे हे त्याला कळायला मार्ग नसतो.

ओळखायची खूण सोपी आहे. वाक्यात 'ने वाढलं', 'ने घटलं', 'चा फरक', 'कमी-जास्त' असं काही असेल तर ३२ ला हात लावायचा नाही. यंत्राच्या माहितीपत्रकात 'अचूकता ±०.५ अंश सेल्सिअस' असं लिहिलेलं असतं, तेही फरकच असतं : ±०.९ अंश फॅरनहाइट. 'दर अंशामागे' अशी राशी असेल तर गणित उलटं होतं. धातूच्या प्रसरणाचा गुणांक दर अंश सेल्सिअसमागे दिलेला असेल, तर दर अंश फॅरनहाइटमागचा आकडा काढताना १.८ ने भागावं लागतं, कारण फॅरनहाइटचा अंश लहान आहे. दर अंश सेल्सिअस आणि दर केल्विन मात्र एकच. तिथे काहीच करायचं नाही.

२० अंश म्हणजे १० अंशांच्या दुप्पट गरम ना?

नाही. तेच तापमान फॅरनहाइटमध्ये लिहा : ५० आणि ६८. इथे दुप्पट कुठे दिसते? शून्य जर आपण सोयीने मांडलेलं असेल तर 'दुप्पट', 'तिप्पट' या शब्दांना अर्थ राहत नाही. पट काढायची असेल तर खऱ्या शून्यापासून मोजणारी श्रेणी लागते, म्हणजे केल्विन. १० अंश सेल्सिअस म्हणजे २८३.१५ केल्विन आणि २० अंश म्हणजे २९३.१५. वाढ झाली साधारण साडेतीन टक्के. दाब स्थिर ठेवून हवा १० वरून २० अंशांवर नेली तर तिचं आकारमानही साडेतीन टक्क्यांनीच वाढतं. १० अंश सेल्सिअसच्या खरोखर दुप्पट तापमान हवं असेल तर ५६६.३ केल्विनपर्यंत, म्हणजे २९३.१५ अंश सेल्सिअसपर्यंत जावं लागेल.

म्हणूनच वायूंच्या नियमांत, किंवा जिथे तापमानाने गुणायचं-भागायचं असतं अशा कुठल्याही सूत्रात, आधी केल्विन करून घ्यायचं. परीक्षेतले कितीतरी गुण याच एका गोष्टीपायी जातात.

केल्विन म्हणजे नेमकं काय? त्याच्यापुढे 'अंश' का लिहीत नाहीत?

वायू थंड करत गेलं की तो ठरावीक प्रमाणात आकुंचन पावतो. हे प्रमाण तसंच पुढे खाली नेलं तर उणे २७३ अंश सेल्सिअसच्या आसपास आकारमान शून्य यायला हवं. प्रत्यक्षात वायू त्याआधीच द्रवरूप होतात, पण तापमानाला तळ आहे ही कल्पना त्यातून पुढे आली. १८४८ मध्ये विल्यम थॉमसन यांनी कुठल्याही विशिष्ट पदार्थावर अवलंबून नसलेली निरपेक्ष श्रेणी मांडली. हेच थॉमसन पुढे लॉर्ड केल्विन झाले. ही पदवी ग्लासगो विद्यापीठाजवळून वाहणाऱ्या केल्विन नदीवरून आहे, म्हणजे एककाला माणसाचं नाव मिळालं आणि माणसाला नदीचं.

केल्विन = सेल्सिअस + २७३.१५

फॅरनहाइटवरून थेट जायचं असेल तर ४५९.६७ मिळवून ५/९ ने गुणा.

केल्विन हे मीटर किंवा किलोग्रॅमसारखं एकक आहे. त्यामुळे '३०० अंश केल्विन' असं न लिहिता '३०० केल्विन' लिहितात. १९६७ पर्यंत अंश लिहिला जात असे. त्या वर्षी वजन-मापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने तो काढून टाकला. जुन्या पुस्तकांत अंश दिसला तर ती छपाईची चूक समजू नका.

एककाची व्याख्याही बदलत गेली. १९५४ पासून ती पाण्याच्या त्रिक बिंदूवर आधारलेली होती. बर्फ, पाणी आणि वाफ हे तिन्ही एकत्र समतोलात राहतात ते तापमान २७३.१६ केल्विन धरलं होतं. पण ही व्याख्या पाण्याच्या शुद्धतेवर, अगदी त्यातल्या समस्थानिकांच्या प्रमाणावरही अवलंबून राहायची. २० मे २०१९ पासून बोल्ट्झमन स्थिरांकाची किंमत कायमची पक्की केली गेली आणि केल्विन तिच्यावरून ठरतो. हा स्थिरांक तापमान आणि कणांच्या हालचालीची ऊर्जा यांना जोडतो. रोजच्या तापमापीवर याचा काडीचाही परिणाम झाला नाही.

२७३ धरायचे की २७३.१५?

तोंडी अंदाजाला २७३ चालतात. खोलीच्या तापमानाजवळ त्याने पडणारा फरक ०.०५ टक्के आहे. प्रयोगशाळेत, किंवा तापमान दशांशात दिलेलं असेल तेव्हा, २७३.१५ घ्या. २७३.१६ हा आकडा त्रिक बिंदूचा आहे, रूपांतराचा नाही.

निरपेक्ष शून्य गाठता येतं का?

जवळ जाता येतं, पोचता येत नाही. प्रत्येक पुढच्या टप्प्याला उरलेली उष्णता काढणं आणखी अवघड होत जातं आणि मोजक्या टप्प्यांत शून्य गाठण्याची कोणतीच वाट नाही, असं उष्मागतिकीचा तिसरा नियम सांगतो. तरी माणूस फार खाली गेला आहे. द्रवरूप नायट्रोजन ७७ केल्विनला उकळतो, द्रवरूप हेलियम ४.२ केल्विनला. अवकाशात सगळीकडे पसरलेल्या सूक्ष्मलहरी प्रारणाचं तापमान २.७ केल्विन आहे. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या बोल्डर इथे एरिक कॉर्नेल आणि कार्ल वीमन यांनी रुबिडियमचे अणू १७० नॅनोकेल्विनच्या (नॅनोकेल्विन म्हणजे केल्विनचा अब्जावा भाग) आसपास नेऊन बोस-आइनस्टाइन संघनित, म्हणजे सगळे अणू मिळून एकाच अणूसारखे वागतात अशी द्रव्याची अवस्था, तयार केलं. त्या प्रयोगशाळेतला तो अणूंचा लहानसा ढग रिकाम्या अवकाशापेक्षा कोट्यवधी पट थंड होता. इथे 'पट' म्हणता येतं, कारण मोजणी केल्विनमध्ये आहे.

फॅरनहाइटमध्ये ३२ आणि २१२ असे विचित्र आकडे का?

डॅनियल गॅब्रिएल फॅरनहाइट (१६८६–१७३६) हे उपकरणं बनवणारे अत्यंत कुशल कारागीर होते. त्यांच्या काळात दोन तापमापी एकमेकांशी जुळत नसत. त्यांच्या तापमापी जुळायच्या, आणि त्यांच्या श्रेणीचा प्रसार मुख्यतः त्यामुळे झाला. १७२४ मध्ये त्यांनी आपले तीन स्थिर बिंदू प्रसिद्ध केले : बर्फ, पाणी आणि नवसागर यांचं मिश्रण ०, बर्फ आणि पाणी ३२, निरोगी माणसाच्या शरीराचं तापमान ९६.

हे आकडे कारागिराच्या हाताला सोयीचे आहेत. ३२ आणि ९६ यांच्यात ६४ अंश होतात. काचेच्या नळीवर या दोन खुणा केल्या की मधलं अंतर निम्मं, पुन्हा निम्मं, असं सहा वेळा करत गेलं की एक-एक अंशाची रेघ मिळते. एखाद्या अंतराचे १०० समान भाग हाताने पाडून बघा, म्हणजे या निवडीतलं शहाणपण लक्षात येईल.

पुढे श्रेणी पाणी गोठण्याच्या ३२ आणि उकळण्याच्या २१२ या बिंदूंवर पक्की केली गेली. त्यात अंशाचा आकार किंचित बदलला आणि शरीराचं तापमान ९६ वरून ९८ च्या पुढे सरकलं.

सेल्सिअसने आपली श्रेणी उलटी आखली होती हे खरं आहे का?

खरं आहे. स्वीडनमधल्या उप्साला इथले खगोलशास्त्रज्ञ अँडर्स सेल्सिअस यांनी १७४२ मध्ये पाणी उकळण्याला ० आणि गोठण्याला १०० धरलं होतं. थंडी वाढेल तसा आकडा वाढायचा. १७४४ मध्ये त्यांचं निधन झालं आणि त्यानंतर लवकरच ती सुलटी वापरली जाऊ लागली. १७४३ मध्ये फ्रान्समधल्या लियाँ इथे ज्याँ-पिएर क्रिस्तँ यांनी स्वतंत्रपणे शंभर भागांची चढती श्रेणी मांडलेली होतीच. 'सेंटिग्रेड' हे नाव दीर्घकाळ चाललं. अधिकृत नाव सेल्सिअस झालं ते १९४८ मध्ये. तेव्हा सेंटिग्रेड आणि सेल्सिअस यांत रूपांतर करायचं नसतं, दोन्ही एकच.

पाणी नेमकं १०० अंशांनाच उकळतं का?

समुद्रसपाटीच्या प्रमाण दाबाला जवळपास. हवेचा दाब कमी झाला की उत्कलनबिंदू खाली येतो. दर ३०० मीटर उंचीला साधारण १ अंश सेल्सिअस, असा ठोकताळा आहे. एव्हरेस्टच्या माथ्यावर पाणी ७० अंशांच्या आसपासच उकळतं. उलट, बंद भांड्यात दाब वाढवला की उत्कलनबिंदू वर जातो. निर्जंतुकीकरणाच्या ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंश सेल्सिअसची वाफ असते ती यामुळेच.

बारकाव्यात शिरायचं तर आजच्या आंतरराष्ट्रीय तापमान श्रेणीनुसार प्रमाण दाबालाही पाण्याचा उत्कलनबिंदू ९९.९७ अंश सेल्सिअस भरतो. १०० हा आकडा आता व्याख्येचा भाग राहिलेला नाही. तो मोजून मिळतो, आणि मोजल्यावर किंचित कमी भरतो.

शरीराचं 'नॉर्मल' तापमान ९८.६ कुठून आलं?

जर्मन वैद्य कार्ल वुंडरलिख यांनी हजारो रुग्णांच्या काखेतलं तापमान मोजून १८६८ मध्ये ३७ अंश सेल्सिअस ही सरासरी मांडली. ३७ हा पूर्ण अंकातला, ढोबळ आकडा होता. त्याचं फॅरनहाइट केलं तेव्हा ९८.६ आलं, आणि त्या दशांशामुळे तो फार काटेकोर असल्याचा भास झाला. १९९२ मध्ये अमेरिकेत निरोगी प्रौढांवर झालेल्या एका अभ्यासात सरासरी ३६.८ अंश सेल्सिअस, म्हणजे ९८.२ अंश फॅरनहाइट आली. शिवाय तापमान पहाटे कमी आणि संध्याकाळी जास्त असतं. काखेतलं तोंडातल्यापेक्षा कमी भरतं. ९८.६ च्या जरा वर काटा गेला म्हणून घाबरू नये, हे त्यामुळे मनापासून सांगावंसं वाटतं. ताप म्हणायला साधारणपणे ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ अंश फॅरनहाइट ही मर्यादा धरली जाते. ३९ म्हणजे १०२.२ आणि ४० म्हणजे १०४.

रूपांतर केल्यावर दशांश किती ठेवायचे?

मूळ मोजमाप जितकं बारीक, तितकंच उत्तर ठेवावं. 'साधारण २० अंश सेल्सिअस' याचं 'साधारण ६८' ठीक आहे. 'साधारण ७० अंश फॅरनहाइट' याचं '२१.१११' मात्र नको, '२१' पुरे. ९८.६ ची गोष्ट याच चुकीची आहे. उलट कधी एखादा अडनिडा आकडा दिसला तर तो दुसऱ्या श्रेणीत नेऊन बघा. ऑटोक्लेव्हचे १२१ अंश सेल्सिअस म्हणजे २५० फॅरनहाइट, फ्रीझरचे उणे १८ अंश सेल्सिअस म्हणजे जवळपास ० फॅरनहाइट. एका श्रेणीतला ओबडधोबड आकडा दुसरीत अगदी गोल निघतो.

स्प्रेडशीटमध्ये किंवा प्रोग्राममध्ये सूत्र लिहिलं तर उत्तर चुकतं. का?

प्रोग्राममध्ये बहुधा ५/९ मुळे. सी आणि जावासारख्या भाषांमध्ये दोन पूर्णांकांचा भागाकार पूर्णांकातच होतो, म्हणून ५/९ हा भागाकार आधी झाला तर त्याचं उत्तर ० येतं आणि कुठलंही तापमान ० अंश सेल्सिअस दिसतं. ५.०/९.० लिहा किंवा १.८ ने भागा. स्प्रेडशीटमध्ये कंस तपासा. तिथलं तयार 'कन्व्हर्ट' सूत्र तापमानांसाठी बरोबर चालतं, पण तापमानातल्या फरकांसाठी ते वापरू नका. ते ३२ धरूनच चालतं.

बल्बच्या खोक्यावर केल्विन का लिहिलेलं असतं?

तो प्रकाशाचा रंग सांगण्यासाठी. तापलेली काळी वस्तू जसजशी गरम होते तसतसा तिचा उजेड लालसर, पिवळा, पांढरा आणि पुढे निळसर होत जातो. २७०० केल्विनचा दिवा पिवळसर, ६५०० चा निळसर पांढरा. सूर्याच्या पृष्ठभागाचं परिणामी तापमान ५७७२ केल्विन आहे. एलईडी दिवा स्वतः काही हजार अंशांना तापलेला नसतो, त्याचा रंग तेवढ्या तापमानाच्या वस्तूसारखा असतो. हा आकडा सेल्सिअसमध्ये बदलायची गरज कधीच पडत नाही.

माझा तापमापी बरोबर आहे का, हे घरी तपासता येईल?

येतं, आणि साधन फक्त बर्फ. स्वच्छ पाण्याचा बर्फ बारीक फोडून भांडं काठोकाठ भरा, फटी बुजतील एवढंच थंड पाणी ओता आणि ढवळा. तापमापीचा फुगा भांड्याच्या मधोमध ठेवा, बाजूला किंवा तळाला टेकू देऊ नका. नळीतला स्तंभ आधी झरझर उतरतो, मग मंदावतो आणि एका जागी ठरतो. तिथे तो दोन-तीन मिनिटं हलला नाही की वाचा. डोळा स्तंभाच्या टोकाच्या समोर आणा. वरून पाहिलं तर आकडा जास्त दिसतो, खालून पाहिलं तर कमी. पारा असेल तर फुगीर माथा वाचायचा, रंगीत अल्कोहोल असेल तर खोलगट तळ. ० अंश सेल्सिअस किंवा ३२ अंश फॅरनहाइट दिसायला हवं. बर्फात मीठ गेलं असेल तर तापमान शून्याच्या खाली जातं, तेव्हा त्याची काळजी घ्या.

ताप बघायच्या थर्मामीटरवर हा प्रयोग करू नका. त्याची श्रेणी साधारण ३५ ते ४२ अंश सेल्सिअस एवढीच असते.

याशिवाय आणखी कोणत्या श्रेणी आहेत?

रँकिन अजूनही अमेरिकी अभियांत्रिकीत भेटते. तिचं शून्य निरपेक्ष आणि अंश फॅरनहाइटचा, म्हणून फॅरनहाइटमध्ये ४५९.६७ मिळवले की झालं. तिच्यात पाणी ४९१.६७ ला गोठतं. १७३० च्या रेओम्यूर श्रेणीत गोठण्यापासून उकळण्यापर्यंत ८० भाग होते. सेल्सिअसला ०.८ ने गुणलं की ती मिळते. युरोपातल्या जुन्या पत्रांत आणि रोजनिशींत '२० अंशांचा कडक उन्हाळा' असं आढळलं तर आकडा रेओम्यूरचा असण्याची शक्यता तपासून बघा, कारण २० रेओम्यूर म्हणजे २५ सेल्सिअस आणि २४ म्हणजे ३०. अठराव्या शतकात रशियात वापरली गेलेली दलील श्रेणी उलटी होती. तिच्यात पाणी ० ला उकळायचं आणि १५० ला गोठायचं.